फोनवरचा परका रंग

माझा फोन चालू केला की आधी सिमकार्डवाल्या कंपनीचं नाव यायचं. बरं, गप येईल तर शपथ. काळ्या पडद्यावर एक गुलाबी गोळा फुटायचा, त्यातून नाव उड्या मारत बाहेर पडायचं आणि वरून टँव टँव टँव असं गाणं. आवाज किती का कमी करा, गाणं वाजायचंच. एकदा मयतीच्या घरी बसले असताना चुकून बटण दाबलं गेलं, फोन बंद होऊन परत चालू झाला. मी तो पदराखाली पोटाशी दाबला, तर माझ्या पोटातून टँव टँव यायला लागलं. बायका रडायच्या थांबल्या. त्या दिवशी धरणी दुभंगली असती तर मी आधी फोन आत टाकला असता आणि मग उडी मारली असती.

मी तेलगावजवळच्या आमच्या गावात ब्लाउज शिवते. हा फोन मी माझ्या मशीनच्या जिवावर, कंपनीच्या ऑफरमध्ये घेतलेला. माझ्या नावावरची पहिली वस्तू. राग माझ्या नाकावर असतो हे सगळ्या गावाला मालूम हाय, पण त्या गाण्याचा रागसुद्धा मी दोन वर्षं गिळला होता. मग मायचा पाय मुरगळला आणि सगळं सुरू झालं.

माझी माय शेरडं राखते. वडील गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. मी मशीनवर, ती डोंगरावर. मागच्या उन्हाळ्यात एक दिवस दिवेलागणीला शेरडं एकटीच घरी आली. माय मागं नाही. मी अनवाणी पळत सुटले. ती मला डोंगराच्या पायथ्याला काठी टेकत, एका पायावर लंगडत येताना भेटली. घोट्याचा भोपळा झालेला. कधी पडलीस, म्हटलं. तर म्हणे, "काय न्हाई ग. सावलीला बसले व्हते जरा."

त्या दिवशी ठरवलं, हा मोठा फोन मायला द्यायचा. मला माझा जुना बटणाचा बास. मायला आकडे कळत नाहीत, पण मोठ्या फोनवर माझा फोटो लावून ठेवला की त्यावर बोट ठेवायचं, फोन लागतो. अडचण एकच. आमच्या डोंगरावर रेंज दुसऱ्या कंपनीची, आणि माझ्या फोनला कंपनीनं कुलूप घातलेलं, परकं कार्ड चालत नव्हतं. मी कस्टमर केअरला फोन लावला. एक दाबा, चार दाबा, परत एक दाबा. शेवटी एक गोड आवाजाची बाई म्हणाली, "मॅडम, तुमच्या ऑफरची मुदत संपली आहे, कुलूप काढून देते. आता फोन संपूर्ण तुमच्या मालकीचा आहे."

मी नाचत मायकडे गेले. घे, म्हटलं. ती फोन चालू होताना बघत राहिली. गुलाबी गोळा फुटला, टँव टँव झालं. तिनं फोन माझ्या हातात परत दिला.

"हे कुणाचं नाव?"

"कंपनीचं."

"मंग कंपनीचाच हाय की. दुसऱ्याच्या खुणेचं जनावर मी राखीत न्हाई."

आता हे बाहेरच्या माणसाला सांगावं लागेल. आमच्याकडे बाजारातून शेळी आणली की तिला पाणी पाजायच्या आधी तिच्या अंगावरचा जुन्या मालकाचा रंग उतरवतात. रॉकेल लावतात, राख चोळतात, आणि मग आपला रंग लावतात. तोवर ती आपली नाही. मायच्या तरुणपणी कुणाची तरी निळ्या रंगाची एक शेळी आपण होऊन तिच्या शेरडांत मिसळली होती, तर दिवसभर हिला चोर म्हणून चावडीवर बसवून ठेवलेलं. तेव्हापासून परका रंग म्हटला की ती हात लावत नाही. तिच्याशी हुज्जत घालण्यात अर्थच नव्हता. आणि खरं सांगू? मला आतून पटलं होतं. फोन माझ्या मालकीचा, मग नाव तुमचं कावून?

"मंग उतरवू रंग!" मी म्हटलं.

आणि आम्ही दोघी खरोखर बसलो की हो उतरवायला! फोनच्या पाठीवर कंपनीचं नाव छापलेलं होतं. मायनं चिंधीवर रॉकेल घेतलं, चुलीतली राख घेतली आणि शेळीची पाठ घासतात तसा फोन घासला. "निघतंय, निघतंय!" मी ओरडत होते. नाव निघालं. सोबत कॅमेऱ्याच्या काचेचं तेजही निघालं. त्यानंतर मी काढलेला प्रत्येक फोटो धुक्यातला. मायसाठी स्वतःचा फोटो काढला तर मीच मला ओळखू आले नाही. माय म्हणाली, "दिसतीस की. रागात हायस."

पण पाठ कोरी झाली म्हणून खुशीत फोन चालू केला, तर गुलाबी गोळा! टँव टँव टँव!

"वरून भादरलं," माय म्हणाली, "आतून तसंच."

हसून हसून आमची मुरकुंडी वळली. नंतर मला रडूच यायला लागलं, कारण दुसऱ्या दिवशी ती परत एकटीच डोंगरावर जाणार होती, त्या सुजक्या पायानं.

बाजारच्या दिवशी फोन घेऊन तेलगावला मोबाइल दुरुस्तीवाल्या मामांकडे गेले. माय सोबत. "माझ्यासमोर उतरवा," तिची अट. मामा आधी रेडिओ दुरुस्त करायचे, बोलणं तोलूनमापून. त्यांनी सांगितलं, आतलं सगळं पुसून, फोन बनवणाऱ्याचं मूळचं, कंपनीचं नाव नसलेलं सॉफ्टवेअर भरावं लागंल. "पण बाई, मधीच अडकलं तर फोनची वीट व्हती. घरी चुलीला लावा मंग."

"आन् माझे ब्लाउजच्या गळ्यांचे फोटो?"

"सगळे जातेल."

चारशे गळे होते. माझी सगळी विद्या! मी मायच्या घोट्याकडे बघितलं आणि म्हटलं, "जाऊ द्या. करा चालू."

दोन बटणं एकदम दाबून धरायची, तेवढ्यात मामांनी वायर जोडायची, असा काही प्रकार होता. माझी बोटं बटणांवरून निसटायला लागली. माय उठली. "आन इकडं." तिनं फोन मांडीत घेतला, कोपरानं दाबला, दोन्ही बटणांवर अंगठे रोवले आणि मामांना म्हणाली, "घाला. हालत न्हाई आता." जनावर कातरताना धरतात तसा धरला होता तिनं. मामांना हसू आवरेना, वायर दोनदा हुकली. माय फोनला म्हणते, "गप, गप, झालंच."

लॅपटॉपवर आकडे चढायला लागले. वीस टक्के. चाळीस. दुकानात आलेली गिऱ्हाइकंही थांबली. साठ टक्के झाले, एकसष्ट झाले आणि लाइट गेली! परळीला वीज बनते, तिथून आमच्याकडे येता येता तिला कोण पाहुणं भेटतं काय की. मामांच्या लॅपटॉपची बॅटरी कधीचीच मेलेली. पडदा काळा. फोनही काळा.

"झाली वीट," मामा हळूच म्हणाले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी कंपनीला, लाइटला, मामांच्या बॅटरीला, सगळ्यांना एका दमात शिव्या घातल्या. माय मात्र फोन सोडायला तयार नाही. लाइट यायला अर्धा तास लागला, ती तशीच दाबून बसलेली. "सोडा की मावशी," मामा म्हणाले. "मधी सोडलं तर परत धरू देत न्हाई," ती म्हणाली. लाइट आली तशी मामांनी देवाचं नाव घेऊन पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. एक टक्का. दहा. एकसष्टला मी डोळे मिटले. कुणीतरी शिट्टी मारली तेव्हा उघडले, तर शंभर!

फोन चालू झाला. गोळा नाही, गाणं नाही. पांढऱ्या पडद्यावर बारीक अक्षरांत एक नाव आलं आणि गेलं.

"हे कुणाचं?" आमच्या मायची नजर बारीक!

"ज्यानं फोन बनवला त्याचं, माय. हे नाही निघत."

तिनं फोन उलटापालटा करून बघितला. सगळं दुकान तिच्या तोंडाकडे बघतंय. "म्हंजी जल्मखूण हाय ती," ती म्हणाली. "जल्मखूण चालती." मी भर बाजारात तिच्या गळ्यात पडले. "अगं सोड, येडी का खुळी तू," म्हणून ती मला ढकलत होती आणि स्वतःच हसत होती. नवं कार्ड घातलं, माझा तसाच धुक्यातला फोटो पुन्हा काढून लावला आणि घरी येईपर्यंत तिनं वाटेत मला नऊ वेळा फोन लावला. मी शेजारीच चालत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मशीनवर बसले होते, फोन वाजला. हातातला ब्लाउज तसाच टाकला.

"माय? काय झालं? पडलीस का?"

"न्हाई ग. बगत व्हते."

मागं शेरडांच्या गळ्यातल्या घंट्या वाजत होत्या.

"त्या दिशी पडले तिथंच बसले हाय," मग ती म्हणाली. "त्या दिशी तुला लई हाका मारल्या, बाई. दुपारधरनं मारल्या. घसा फुटला पार. आन् आज नुसतं बोट ठिवलं, तर तू बोललीस."

मी, जिला गावात कुणी बोलण्यात हरवलं नाही, ती मी मशीनचा दांडा धरून उभी.

"ऐकू येतंय का ग?" ती विचारत होती.

"येतंय माय," मी म्हटलं. "बोल तू. येतंय."