डब्लिन ते फ्रँकफर्ट, दोन तास

धाकटी बहीण डब्लिनला, मधला भाऊ फ्रँकफर्टला. मध्ये साधारण अकराशे किलोमीटर, विमानाचे दोन तास. धाकटीच्या तोंडून ऐकून ऐकून मला ते पाठ झालं होतं. बाबा गेल्यावर आई भावाकडे राहायला गेली आणि आम्हा बहिणींचं माहेरही तिथेच गेलं. धाकटी शुक्रवारी ऑफिसातून परस्पर निघायची, दोन दिवस आईच्या हातचं जेवायची, मेतकुटाचा डबा घेऊन परतायची. मी कॅल्गरीत. नऊ तासांचं विमान, मुलांच्या शाळा. माहेरपण तीन वर्षांतून एकदा. त्यांचे फोटो आले की 'मस्त' लिहायचं आणि दारातला बर्फ फावड्याने उपसायला निघून जायचं. बोलले कधीच नाही.

मग धाकटीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण, आई जाणारच. माझ्या दोन्ही वेळेला आईचा व्हिसा वेळेत आला नव्हता. डिंकाचे लाडू तेवढे पार्सलने आले, चुरा होऊन.

भावाने तिकीट काढण्याआधी मला फोन केला. घरातले सगळे फॉर्म वर्षानुवर्षं मीच भरत आलेय. तो जर्मन नागरिक, धाकटीकडे आयरिश पासपोर्ट. वाटेल तेव्हा विमानात बसायची सवय, त्यामुळे सगळा युरोप एकच असं दोघांनीही धरून ठेवलेलं. आईचा पासपोर्ट मात्र भारतीय. जर्मनीत राहायच्या परवान्यावर तिला आयर्लंडला जाता येत नाही, वेगळा व्हिसा लागतो. मला हे माहीत होतं. आदल्याच वर्षी आईला घेऊन डब्लिनला जायचा माझा बेत होता, तेव्हा मी सगळं वाचून काढलं होतं.

"ताई, आणखी काही बघायला हवं का गं?" त्याने विचारलं.

"दोन तासांच्या प्रवासाला काय बघायचंय?" मी म्हणाले.

विसरले नव्हते.

आईला विमानतळावरूनच परत पाठवलं. नवा व्हिसा हातात पडेपर्यंत बाळाचा सव्वा महिना उलटून गेला होता, आणि धाकटीने "आता कशाला?" म्हणून आईला येऊच दिलं नाही. भावाला ती नको नको ते बोलली. त्याने सगळं स्वतःवर घेतलं, माझ्या फोनचा उल्लेखही केला नाही. धाकटीचं फ्रँकफर्टला जाणं-येणं बंद झालं. कबूल करते, सुरुवातीचे काही महिने मला बरं वाटलं. आता तीही माझ्याइतकीच लांब होती.

गेल्या महिन्यात आई म्हणाली, "मी आपली पुण्याला परत जाऊन एकटी राहीन. माझ्यापायी ही दोघं बोलत नाहीत." त्या दिवशी मी धाकटीला सगळं सांगितलं.

"तुला माझा इतका राग होता, ताई?"

"राग नाही. हेवा."

तिने फोन ठेवला. चार दिवसांनी भावाचा निरोप आला: ती बाळाला घेऊन आलीय, आईला सगळं कळलंय, तू फोन कर.

मुलांना ऐकू जाऊ नये म्हणून बेसमेंटमध्ये जाऊन लावला. आईने उचलला. माफी मागायची ठरवली होती. तोंडातून भलतंच निघून गेलं.

"आई, माझं एकही बाळंतपण तू केलं नाहीस."

पलीकडे बाळ काहीतरी आपटत होतं. आईने त्याला कुणाकडे तरी दिलं असावं, कारण आवाज थांबला.

"हे तेव्हाच म्हणायचं होतंस," ती म्हणाली. "आता बोल. ऐकतेय मी."