सहा वेळा सत्त्याण्णव

मी पदवीधर झाले ते लॉकडाऊनच्या वर्षी. रसायनशास्त्राची शेवटची परीक्षा नवी मुंबईत दिघ्याच्या आमच्या खोलीत, पलंगावर मांडी घालून, मोबाइलवर दिली. पलीकडे आई भाजी चिरत होती आणि वडील भिंतीकडे तोंड करून झोपल्यासारखे पडून होते, माझं लक्ष विचलित होऊ नये म्हणून. निकाल आला तोही मोबाइलवरच. बारावीला चांगले मार्क पडले तेव्हा वस्तीतल्या विहारात माझा सत्कार झाला होता, शाल मिळाली होती. पदवीच्या वेळी घराबाहेर पडायलाच परवानगी नव्हती.

त्याआधी कॉलेजमध्ये तळोज्याची एक कंपनी आली होती. त्यांच्या प्रयोगशाळेत ट्रेनी म्हणून माझी निवड झाली होती. मराठवाड्यातलं गाव सोडून आलेले माझे वडील पंचवीस वर्षं बॉयलरवर काम करत होते. कंपनीत मुलगी जाणार, पण बॉयलरकडे नाही, लॅबमध्ये, पांढरा कोट घालून, हे त्यांनी शेजारीपाजारी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. मग रुजू होण्याची तारीख पुढे गेल्याची मेल आली. मग आणखी पुढे गेल्याची. त्यानंतर मी पाठवलेल्या मेलना उत्तरच येईना. वडिलांनी लोकांशी त्या नोकरीबद्दल बोलणं बंद केलं.

सहा-सात महिने मी घरात होते. दुसरी लाट आली तेव्हा पालिकेच्या कामासाठी कंत्राटी मुलं-मुली हवी असल्याचं वस्तीतल्या एका ताईंकडून कळलं. काम साधं होतं. घरीच उपचार घेणाऱ्या रुग्णांना सकाळ-संध्याकाळ फोन करायचा, ताप किती, ऑक्सिजन किती, जेवण जातंय का, एवढं विचारून तक्त्यात लिहायचं. एका हॉलमध्ये लांबलांब टेबलं मांडली होती आणि प्रत्येकाला एक यादी दिलेली होती. पहिल्या दिवशी घरी आले तर आत्याचा फोन आला होता. केमिस्ट्री शिकून शेवटी फोन लावायचंच काम करायचं का, असं तिने आईला विचारलं होतं. ती वाईट मनाने बोलली नव्हती. पण ते वाक्य माझ्या आत बसलं, कारण मीसुद्धा स्वतःला तेच विचारत होते. तीन वर्षांत शिकलेलं काहीच इथे लागत नव्हतं. बारावी नापास मुलगाही हे काम करू शकला असता, आणि माझ्या शेजारच्या टेबलावर तो करतही होता, माझ्यापेक्षा चांगलं.

माझ्या यादीत सानपाड्याच्या जुन्या गावातल्या एक मावशी होत्या. वय पासष्टच्या पुढे. जन्मभर मासळी विकलेली, त्यामुळे आवाज खणखणीत. मुलगी लग्न होऊन लांब, घरात एकट्याच. त्यांना फोन लावला की मला बरं वाटायचं, कारण त्या रडायच्या नाहीत, तक्रार करायच्या नाहीत. ताप नाय, जेवले, ऑक्सिजन सत्त्यान्नव, ठेव फोन बाय, एवढंच. यादीतले बाकीचे लोक घाबरलेले असायचे. मावशींचा फोन अर्ध्या मिनिटात संपायचा.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आकडे लिहिताना माझा हात थांबला. मावशींच्या ओळीत सहा नोंदी होत्या. सहाही सत्त्याण्णव. मी वरच्या-खालच्या ओळी पाहिल्या. एकाचे शहाण्णव, चौऱ्याण्णव, पंच्याण्णव. दुसऱ्याचे सत्त्याण्णव, पंच्याण्णव, शहाण्णव. सगळ्यांचे आकडे थोडे तरी हलत होते.

कॉलेजात आम्हाला प्रॅक्टिकल शिकवणारे एक सर होते. नळीतून थेंबथेंब द्रावण सोडायचं, रंग बदलला की आकडा लिहायचा, आणि हे तीनदा करायचं, अशी ती प्रॅक्टिकल्स. कंटाळा आला की आम्ही एकदाच करायचो आणि तोच आकडा तीनदा लिहायचो. सर वही बघून लगेच ओळखायचे. म्हणायचे, हे मोजलेलं नाही, लिहिलेलं आहे. खरं मोजलं की आकडा थोडा हलतोच.

मी पुन्हा फोन लावला. मावशींनी उचलला, पण नेहमीपेक्षा उशिरा.

म्हटलं, "मावशी, मशीन आत्ता बोटाला लावा. मी फोन धरून थांबते."

"सत्त्यान्नव हाय."

"इतक्या लवकर आकडा येत नाही, मावशी."

पलीकडून नुसता श्वास ऐकू आला. तेव्हा लक्षात आलं, की गेले तीन दिवस त्या माझ्याशी इतकं थोडकं का बोलत होत्या. लांब वाक्य बोलायला त्यांना दम पुरत नव्हता, आणि मी ते धीटपणा समजून खूश होत होते.

मग त्या थांबत थांबत बोलल्या. पहिल्या दिवशी मशीन लावलं होतं, आकडा कमी दिसला, म्हणून ते एका डब्यात बंद करून ठेवलं. तीन आठवड्यांपूर्वी त्यांच्या नवऱ्याला असंच आकडा कमी आला म्हणून हॉस्पिटलच्या गाडीतून नेलं होतं. "जाताना हात केला त्यांनी. मंग तोंड पन नाय बगायला भेटला. मना नाय जायचा तिकडं."

माझ्या तक्त्यात याला रकाना नव्हता. मी तेव्हा एकवीस वर्षांची होते. काही होणार नाही मावशी, तुम्ही बऱ्या होऊन याल, हे वाक्य जिभेवर आलं होतं. पण तेही न मोजता लिहिल्यासारखंच झालं असतं. मी म्हटलं, "तुम्ही परत याल की नाही, ते मला माहीत नाही. खोटं सांगणार नाही. पण खरा आकडा कळला तर मी आत्ता उठून काहीतरी करू शकते. सत्त्याण्णववर मला काहीच करता येत नाही."

मग डब्याचं झाकण पडल्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, "अठ्ठ्यांशी."

मी हॉलच्या टोकाला बसणाऱ्या डॉक्टरांच्या टेबलाकडे धावले. बेड मिळेपर्यंत, गाडी निघेपर्यंत दोन तास गेले. तोवर मी दर दहा मिनिटांनी मावशींना फोन करत होते. चष्मा घ्या, चार्जर घ्या, किल्ली शेजारणीकडे द्या, पालथं झोपा. गाडी आली तेव्हा त्यांनी फोन चालूच ठेवायला सांगितलं. गाडीचं दार लागल्याचं मी ऐकलं, कुणीतरी त्यांना मास्क लावायला सांगितल्याचं ऐकलं, आणि फोन कट झाला. तक्त्यात मी 'दाखल' लिहिलं आणि पुढच्या नावाला फोन लावला, कारण यादी अजून निम्मी बाकी होती.

त्या रात्री वडिलांना सगळं सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि त्या प्रॅक्टिकलच्या सरांबद्दल विचारलं. ते सर कोण, कुठले, अजून शिकवतात का. दुसऱ्या दिवशी मला ऐकू येईल अशा आवाजात आत्याला फोनवर म्हणाले, की शिकली ते तिच्या कामाला आलं.

मावशी वाचल्या. बाराव्या की तेराव्या दिवशी हॉलच्या नंबरावर फोन आला आणि खोटं पकडनारी बाय कुठे हाय, असं कुणीतरी विचारत होतं. आवाज बारीक झाला होता, पण त्यांचाच होता. सगळ्यांचं असं झालं नाही. माझ्याच यादीतले एक काका दोन्ही वेळा अगदी नीट मोजून आकडे सांगायचे, स्वतःच्या वहीत तारखेनिशी लिहून ठेवायचे, आणि तरी गेले. त्यांच्या नावापुढची ओळ रिकामी सोडताना मला जे वाटलं ते अजून सांगता येत नाही. मी काही चुकले का, ते मी अनेकदा तपासलं. चुकले नव्हते. पण त्याने काही फरक पडत नाही, हेही त्याच हॉलमध्ये कळलं.

लाट ओसरली आणि कंत्राट संपलं. मी पुन्हा घरी बसले. त्यानंतर दोन ठिकाणांहून नकार आले, आणि दीड वर्षाने तळोज्याच्याच एका लहान कारखान्याच्या लॅबमध्ये लागले. आता तिथेच आहे. सरळ रेषेत काही झालं नाही, हे मला मुद्दाम सांगायचं आहे, कारण अशा गोष्टी सांगताना लोक मधले रिकामे महिने गाळतात.

परवा कॉलेजने पदवी वाटपाच्या कार्यक्रमाला बोलावलं होतं. यंदा कॅम्पसला फारशा कंपन्या आल्या नाहीत, जुन्या विद्यार्थिनीने मुलांना धीराचं काहीतरी बोलावं, असं आमच्या विभागाच्या बाईंचं म्हणणं होतं. समोर सगळे गाऊन घालून बसले होते. फोटो छान येत होते, पण चेहऱ्यांवरची काळजी मी ओळखत होते. मला भाषण येत नाही. मी हीच हकिगत सांगितली. शेवटी एवढंच म्हटलं, की तुम्हाला पहिलं काम कुठलं मिळेल ते मला माहीत नाही. कदाचित पदवीशी काही संबंध नसलेलं मिळेल. ते करताना आपण शिकलेलो आहोत हे विसरू नका, आणि काही महिने काहीच मिळालं नाही तर स्वतःला टाकाऊ समजू नका.

कार्यक्रमानंतर जिन्यात एक मुलगी थांबली होती. गाऊन परत केलेला, हातात प्रमाणपत्राची गुंडाळी. तिने सांगितलं, की ती दोन महिन्यांपासून एका मॉलमध्ये कपड्यांच्या दुकानात उभी राहते, आणि घरी सांगितलंय की लॅबमध्ये ट्रेनिंग चालू आहे. आई रोज डबा भरून देते आणि आज काय शिकलीस म्हणून विचारते.

मी तिला विचारलं, "मग काय सांगतेस?"

"काहीतरी बनवून सांगते, मॅडम."

आम्ही जिन्यातच बसलो. माझ्या कारखान्यात सध्या जागा नाही, हे मी तिला आधीच सांगून टाकलं, खोटी आशा नको म्हणून. पण तिचा अर्ज मी बघेन आणि मुलाखतीला काय विचारतात ते रविवारी बसून सांगेन, एवढं कबूल केलं. ती मान हलवत राहिली. मग तिने विचारलं, आईला कसं सांगू. मी म्हटलं, दुकानात उभं राहून पाय किती दुखतात, तिथून सुरुवात कर.

तिने डोळे पुसले, फोन काढला आणि आईला लावला. मी उठून चार पायऱ्या खाली गेले, तिला मोकळेपणाने बोलता यावं म्हणून.