वडिलांचा व्यवसाय : लग्नात वाढणे

आडी महिना लागला की आमची चूल निम्मी व्हायची. तमिळ मुलखात त्या महिन्यात लग्नं होत नाहीत, आणि अप्पा लग्नांत जेवण वाढायचे. वाढपी. खांद्यावर पंचा, हातात सांबाराची बादली. मुहूर्त असले की आम्ही उरलेली जांगिरी खाऊन शाळेत जायचो; नसले की पेज, तीही आईच्या वाट्याला सर्वांत शेवटी. घरात मिठाई आहे आणि तांदूळ नाही, असेही दिवस पाहिलेत. पुढे मीही बादली उचलली. कॉलेजची तीन वर्षं तंजावूरच्या मंडपांत वाढूनच काढली. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिला. हे मीच सांगतो, कारण दुसरं कोणी सांगणार नाही.

डिग्री हातात आली तोवर अप्पांचा गुडघा गेला होता. अप्पा ज्याच्या हाताखाली वाढायचे त्या आचाऱ्याने निरोप धाडला, "पोंगल झाला की पोराला कायमचा पाठवा. नाहीतर तुमची जागा दुसऱ्याला देतो." त्याच सुमारास एका दूध कंपनीकडून मुलाखतीचं बोलावणं आलं. गाड्या भरून वेळेवर रवाना करायच्या, त्या विभागात सुपरवायझर. मुलाखत पोंगलच्या आधी. म्हणजे ही नोकरी हुकली तर जन्मभर बादली. हिशेब सरळ होता.

तंजावुरात पिढ्यानपिढ्या राहिलेल्या आमच्या मराठी लोकांत एक निवृत्त अधिकारी होते. सगळे त्यांना मामा म्हणत. पोरांकडून मुलाखतीची तयारी ते फुकट करून घेत. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "अरे, तू बोलताना कमरेत वाकतोस. समोर पान मांडलंय का?"

पोरं खदखदून हसली. पण मामांचं खरं होतं. बसलेल्या माणसाशी बोलायचं म्हणजे वाकायचं, हे माझ्या पाठीला पाठ झालेलं. आठवडाभर त्यांनी मला खुर्चीत ताठ बसवून प्रश्न विचारले. त्याचं श्रेय त्यांचं. ते मी नाकारत नाही.

मग मुलाखतीला भरून न्यायचा फॉर्म त्यांना दाखवला. वडिलांच्या व्यवसायापुढे मी लिहिलं होतं, लग्नात जेवण वाढणे. मामांनी चष्मा कपाळावर चढवला.

"हे खोड. केटरिंग बिझनेस लिही."

"बिझनेस आचाऱ्याचा आहे, मामा. अप्पा वाढतात."

"वाढप्याच्या पोराला खुर्ची देतील होय रे कोणी?"

"तुमच्या लेकीच्या लग्नात तुम्ही तीनदा पायसम मागून घेतलंत. तेव्हा वाढपी चालला."

पोरं पुन्हा हसली, पण या खेपेस मला नव्हे. मामांचा चेहरा लाल झाला. "मस्ती आलीय तुला. उद्यापासून येऊ नकोस."

गेलो नाही.

घरी सगळं सांगितलं. मला वाटलं, अप्पा खूश होतील. ते जमिनीकडे बघत म्हणाले, "खोडलं असतंस तर काय बिघडलं असतं? मला नाही रे वाईट वाटत."

"मला वाटतं. तुम्ही काय चोरी करता?"

आई आतून ओरडली, "पुरे! मुलाखत दहा दिवसांवर आलीय आणि बापलेक भांडतायत. शेजारून खुर्ची आणा."

खुर्ची एकच मिळाली. मी उमेदवार, म्हणून ती माझी. अप्पा साहेब, ते समोर उभे. मला बसवेना. अप्पा उभे आणि मी बसलेला, असं कधी झालंच नव्हतं.

"बैस की."

"तुमचा गुडघा..."

"साहेबाचा गुडघा काढतोस? बैस म्हटलं की बसायचं!"

इंग्रजीत त्यांना एकच प्रश्न येत होता, 'व्हॉट इज युवर नेम'. तो त्यांनी दहा दिवस विचारला. दहा दिवस मी ताठ बसून, त्यांच्या डोळ्यांत बघून माझं नाव सांगितलं. बाकीची तयारी एकट्याने केली.

मुलाखतीला टेबलापलीकडे तिघे होते. फॉर्म वाचून कडेचे साहेब हसले. "तुम्हीही वाढता?"

"वाढतो, सर. गेल्या मुहूर्तालासुद्धा."

"मग दुधाच्या गाड्यांतलं तुम्हाला काय कळणार?"

राग आला. पण मी वाकलो नाही, आवाजही चढवला नाही.

"सर, ज्यांना गावाची बस गाठायचीय त्यांना आम्ही पहिल्या पंगतीत बसवतो. घरचे शेवटी. पहिली पंगत अर्धी जेवली की दुसरीतली माणसं मोजून आचाऱ्याला सांगतो. रसम संपल्यावर सांगून काय उपयोग? इथे मी लांबच्या गावाची गाडी आधी भरीन, आणि माल कमी पडणार असेल तर आधीच कळवीन."

मधल्या बाईंनी पेन खाली ठेवलं. "आणि उशीर झाला तर ढकलाल कोणावर?"

"माझ्या रांगेत झाला तर माझ्यावरच, मॅडम. पान रिकामं असलं की वाढपी कोण ते सगळ्यांना दिसतं."



पोंगलच्या आदल्या दिवशी पत्र आलं. नोकरी मला मिळाली. अप्पांनी त्याच आठवड्यात आचाऱ्याकडे जाऊन काम सोडल्याचं सांगितलं. चार वर्षं झाली, मी त्या विभागात सुपरवायझर आहे.