पंचमीचं तळण

माझी जुनी डिझेल गाडी बायोडिझेलवर चालू लागली, तेव्हापासून तिच्या धुराला भज्यांचा वास येतो. हॉटेलांतलं वापरून झालेलं तेल गोळा करून हे इंधन करतात, त्यामुळे तसं होणारच. आधी मी टाकीत चौथा हिस्सा ओतायचो, मग निम्मा ओतू लागलो. लोकांना सांगायचो की इंजिन मऊ चालतं, काळा धूर कमी झालाय. ते खोटं नव्हतं. पण बायको गेल्यापासून माझ्या घरात कढई चढली नव्हती. गाडी सुरू करून अंगणात उभं राहिलं की मागून तळणाचा वास यायचा आणि घरात कुणीतरी आहे असं वाटायचं. या वयात असलं काही सांगणं बरं दिसत नाही, म्हणून इंजिनाचं सांगायचो.

वारंगा फाट्यावरच्या मिस्तरीनं बजावलं होतं की, जुन्या गाडीतलं रबर या तेलानं फुगतं आणि चिरतं, निम्मं घालायचं तर नळ्या बदलून घ्या. मी हो हो म्हणालो आणि विसरलो. मला कुणी शिकवलेलं खपत नाही, ही जुनी खोड. ती खोड मोडणारी बायको होती, ती गेली.

गेल्या वर्षी नागपंचमीच्या आदल्या दिवशी शेजारी दारात आला. त्याची लेक वारंग्याच्या पलीकडे दिलेली. सासरी सोयाबीनवर फवारणी चालू, म्हणून तिला एकच दिवस मोकळा मिळाला होता. पंचमीला सकाळी यायचं आणि दुसऱ्या दिवशी परत. भावाला पुण्याहून सुट्टी मिळाली नव्हती.

"मुराळी म्हणून तुमीच जा," शेजारी म्हणाला. "तुमच्याच अंगाखांद्यावर खेळली ती."

आम्हाला मूलबाळ झालं नाही. लेकीला सणासाठी माहेरी आणण्याचा मान मला कधी मिळेल असं वाटलंच नव्हतं. सकाळी लवकर उठून गाडी पुसली, इस्त्रीचा सदरा घातला. खरं सांगायचं तर मला फार आनंद झाला होता.

तिला घेऊन निघालो. धुराचा वास आला तशी ती हसली. "काका, आज तळण नसतंय. तुमची गाडी पाप करून राहिली."

पंचमीला आमच्याकडे तवा ठेवत नाहीत, तळत नाहीत, काही चिरत-कापत नाहीत. बायको तर आदल्या दिवशीच विळी माळ्यावर टाकायची. तिच्यामागं मीही दरवर्षी टाकत आलो.

फाटा मागे पडला आणि गाडी गचके खात बंद पडली. बॉनेट उघडून पाहिलं. डिझेलची नळी टोकाला चिरली होती आणि हवा ओढत होती. उपाय मला ठाऊक होता. चिरलेलं टोक दोन बोटं कापायचं, उरलेली नळी परत चढवायची, क्लिप आवळायची. सुरी हत्यारांच्या पिशवीतच होती.

मी ती बाहेर काढली नाही.

"काका, रबरच हाय ते. कापा," लेक म्हणाली. "मी कोणाला सांगत न्हाई."

मी मिस्तरीला फोन लावला. तो सणाला गावी गेला होता. येतो म्हणाला, आणि येता येता दुपार कलली. रस्त्यानं जीपा जात होत्या. मी तिला म्हणालो, बस एखाद्या जीपमध्ये. पण मुराळ्याला वाटेत सोडून माहेरी जाणं तिला पटेना. ती बांधावर बसून राहिली. मैत्रिणींचे फोन येत होते. आधी ती सांगायची, निघालोच आमी. मग तिनं उचलणं सोडून दिलं.

मिस्तरीनं आल्या आल्या ब्लेड काढलं, नळी कापली, चढवली. पाच मिनिटंही लागली नाहीत.

गावात पोचलो तेव्हा बाया वारूळ पुजून कधीच परतल्या होत्या, झोक्याचा दोरही उतरवला होता. शेजारी रागावला नाही. "लेकराला एकच दिवस भेटला होता," एवढंच म्हणाला. मला तोंड वर करवेना. गेलेल्या माणसाचा नेम सांभाळताना जित्या लेकराचा सण मी बुडवला होता. आणि बायको तिथं असती तर तिनंच सुरी माझ्या हातात दिली असती. नागोबा काय रबरात राहतो का, म्हणाली असती.

यंदा मी सगळ्या नळ्या आधीच बदलून घेतल्या. शेजाऱ्याला ऐकू जाईल असं दोनदा सांगितलंही. पंचमीच्या आदल्या दिवशी भाड्याची गाडी माझ्या दारावरून गेली आणि लेकीला घेऊन आली. शेजाऱ्यानं हात वर केला. मीही केला.

पंचमीला सकाळी विळी घेऊन बसलो. कांदा चिरला, पीठ भिजवलं, कढई ठेवली. बाहेर बायांची गाणी चालली होती. पहिला घाणा सोडला आणि दारात लेक उभी. हातात वाटी, वाटीत पुरणाचे दिंड.

"काका, तळण?"

"गाडीचा वास असंल," मी म्हणालो.

गाडी तिच्या मागेच अंगणात ताडपत्रीखाली उभी होती. तिनं वळून एकदा तिकडे पाहिलं, मग वाटी उंबऱ्यावर ठेवली.

"मी कोणाला सांगत न्हाई," ती म्हणाली आणि झोक्याकडे गेली.