अकरावा माणूस जत्रेच्या गाडीवर

आमच्या घरात क्रिकेट आलं ते दारूच्या जागी आलं, म्हणून मी त्याला येऊ दिलं. माझा नवरा वाशीमच्या बस डेपोत मेकॅनिक होता. हात चांगला होता, पण काम सुटलं की पाय भट्टीकडे वळायचे. मग डेपोतल्या ड्रायव्हर-कंडक्टरांनी टीम काढली आणि याला कॅप्टन केलं, कारण मोडलेली बॅट जोडणारा तो एकटाच होता. सरावाला संध्याकाळ लागते आणि भट्टीलाही संध्याकाळच लागते. टीम सुरू झाली तसा माणूस शुद्धीत घरी यायला लागला. मला क्रिकेटशी एवढंच घेणंदेणं होतं.

मी डेपोच्या कँटिनमध्ये चुलीवर होते. चौथी शिकलेली. ओव्हर म्हणजे काय ते मला कळत नव्हतं, पण कोणती गाडी कधी येते आणि कोणता गडी कधी जेवायला बसतो ते पाठ होतं. त्यामुळे टीम जमवायचं काम हळूहळू माझ्याकडे आलं. पॅडची जोडी एकच, म्हणून दोघा बॅट्समननी एक-एक पॅड बांधायचा. आमच्या काळ्या मातीला भेगा पडतात, त्यावर चेंडू कुठेही उडतो. म्हणून बारदान जोडून मोठी पट्टी शिवली होती, ती अंथरून चारी बाजूंनी खिळे ठोकायचे. ते शिवणं माझंच. हे सगळं जमायचं. जमत नव्हती ती अकरा माणसं. एक अनसिंगच्या गाडीवर, दुसरा रिसोडला मुक्कामी, तिसरा ड्युटीवरून येऊन झोपलेला. दर मॅचला कोणी पंक्चर काढणारा नाहीतर झाडूवाला आणून उभा करायचा आणि समोरच्यांनी हसायचं.

त्यात नवा मॅनेजर आला, पुण्याकडचा. माणूस वाईट नव्हता, पण त्याला कामात खेळ नको होता. त्याने माझ्या नवऱ्याला कँटिनमध्येच, माझ्यासमोर सांगितलं, "पुढच्या मॅचला डेपोच्या पटावरचे अकरा खेळाडू दाखवा. आले तर टीम चालू ठेवा. दहा आले तर सामान स्टोअरमध्ये जमा करायचं आणि विषय बंद."

नवरा हो म्हणाला आणि तहसील कचेरीच्या टीमसोबत रविवारची तारीख धरून आला. कचेरीवाल्यांना सगळे रविवार मोकळेच. दोन दिवसांनी ड्युट्या लागल्या तेव्हा कळलं की तो रविवार रामनवमीचा, म्हणजे पोहरादेवीच्या जत्रेचा. डेपोतली होती नव्हती ती गाडी जत्रेला जाणार.

मी म्हटलं, "तुमाले रामनवमी माईत नवती?"

"आपल्या घरी पाळतो का आपण?"

नव्हतो पाळत. सासऱ्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून रामनवमी कधी येते अन् कधी जाते याच्याशी आमचा संबंध नव्हता. पण डेपोत काम करणाऱ्याने जत्रा विसरायची म्हणजे काय? मी त्याला चांगलं झापलं. तारीख बदलायला तो कचेरीत गेला, तर त्यांचा कॅप्टन, चष्मेवाला कारकून, म्हणाला, "भिऊन राह्यले का?" झालं. नवरा छाती काढून परत आला.

आठ माणसं मोकळी निघाली. दोघांच्या गाड्या दुपारपर्यंत परतणार होत्या. अकरावा आमचा फास्ट बॉलर, उंच, काळा, तोंडाने फटकळ ड्रायव्हर. त्याची पोहरादेवीची जादा गाडी. मैदान त्याच रस्त्याला लागून होतं, एवढीच जमेची बाजू.

रविवारी मी किटली, स्टोव्ह घेऊन मैदानावर बसले. मॅनेजर खुर्ची टाकून बसला आणि माणसं मोजली. आठ. अंपायर शाळेतले ड्रिलचे मास्तर. ते म्हणाले, बाकीचे येतील तसे घ्या, पण आपली पाळी येईल तेव्हा माणूस हजर पाहिजे. कचेरीने आधी बॅटिंग केली. फास्ट बॉलर नसल्याने आमच्या लोकांना त्यांनी सगळीकडे पळवलं आणि पंचाण्णव धावा काढल्या. जेवणाच्या सुमाराला अनसिंगचा कंडक्टर गळ्यातली पिशवी तशीच घेऊन धावत आला. मागून दुसरा. दहा झाले.

मग आमची पाळी. मी चहा देता देता बघत होते आणि कधी चहा द्यायचं थांबले ते मला कळलं नाही. आमचा एक जाई, दोन चौके येत, पुन्हा एक जाई. नवरा एका बाजूला खुंटासारखा उभा. मारत नव्हता, पण बाद पण होत नव्हता. एक चेंडू पोटात लागला, वाकला, परत उभा राहिला. मी ओरडले, "फुटला नाई ना? मंग खेळा." कचेरीवाले हसले. मी आयुष्यात पहिल्यांदा मैदानावर ओरडले आणि मला मजा आली.

सात धावा हव्या होत्या तेव्हा आमचा नववा गडी बाद झाला. आता अकराव्याची पाळी आणि अकरावा रस्त्यावर कुठेतरी. मास्तरांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. चष्मेवाला म्हणाला, "मास्तर, नियम म्हणजे नियम." मॅनेजर खुर्चीतून उठला नाही, फक्त माझ्या नवऱ्याकडे पाहत राहिला. नवऱ्याचा चेहरा मी ओळखते. भट्टीकडे जाताना तो तसाच व्हायचा.

आणि मला धुरळा दिसला. जत्रेहून परतणारी लाल गाडी, टपावर गाठोडी, दारात लटकलेली माणसं. आमचाच गडी. पण गाडीचा वेग कमी होईना. त्याने लांबूनच मॅनेजरची खुर्ची पाहिली होती आणि तो सरळ निघून जाणार होता.

मी पदर खोचला आणि पळत जाऊन रस्त्याच्या मधात उभी राहिले. ब्रेक कर्र वाजला. गाडी माझ्यापासून चार हातांवर थांबली.

"वहिनी, मरता का?" त्याने खिडकीतून डोकं काढलं. "बाजूले व्हा. सायेब बसून राह्यला तिथं."

"तुमची गाडी गरम झाली हाय."

"नाई झाली."

"झाली म्हणते ना मी. पाणी टाका लागते. कंडक्टर टाकीन पाणी, तुमी तिकडं चला."

त्याने एकदा मैदानाकडे पाहिलं. माझा नवरा बॅट टेकवून एकटाच उभा होता. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं.

आत एक म्हातारी लमाणीण बसली होती, हातभर बांगड्या. तिने विचारलं, "काय झालं व बाई?"

"गाडी गरम झाली, माय."

"तं मंग तो चड्डीवाल्यायकडं काहून पळून राह्यला?"

 तेवढ्यात पोरं खिडकीतून बघून ओरडली की मॅच चालू आहे, आणि सगळी गाडी खाली उतरली. बायका, म्हातारे, कडेवरची लेकरं, सगळे हद्दीला उभे राहिले. ड्रायव्हर खाकी कपड्यांवरच एक पॅड बांधत होता, तोही उलटा. नवऱ्याने वाकून तो सरळ केला.

इकडे मॅनेजर उठला आणि गाडीकडे आला. कंडक्टरने बोनेट उघडून रेडिएटरमध्ये बादली ओतायला घेतली, तर पाणी लगेच काठावरून वाहायला लागलं. भरलेलंच होतं ते. मॅनेजर पाहत राहिला. कंडक्टरची बादली हातातच राहिली.

शेजारी एक पागोटेवाला म्हातारा उभा होता. तो आपण होऊन म्हणाला, "सायेब, मानोरा गाव सुटल्यापासून लय धूर निघून राह्यला होता. आमाले वाटलं पेटते आता."

लमाणीण म्हणाली, "हाव ना. माहे तं डोये चुरचुरले."

 मॅनेजरने एका बोटाने बोनेटचा पत्रा शिवून पाहिला आणि तिथेच उभा राहिला, कारण तेवढ्यात पहिला चेंडू पडला.

ड्रायव्हर फिरला, चेंडू दांडीला चाटून गेल्यासारखा गेला, पण दांडी पडली नाही. गर्दीतून "अरेरे" आलं. त्याला बॅटिंग येतच नव्हती. नवरा मधात जाऊन म्हणाला, "हळू मार."

"मले हळू येत नाई भाऊ. गाडी बी नाई येत हळू."

पुढचा चेंडू जरा आखूड पडला आणि त्याने डोळे मिटून फिरवली. चेंडू वर गेला, वरच गेला, आमच्या सगळ्यांच्या डोक्यावरून आला आणि गाडीच्या टपावर गाठोड्यांत पडला. सहा. मी किती ओरडले ते मला सांगता येत नाही. लमाणीण माझा दंड धरून उड्या मारत होती. तिला काय झालं ते कळलं नव्हतं, तरी मारत होती. कंडक्टर शिडीवर चढून चेंडू शोधायला लागला, तर खालून एकजण म्हणाला, "लेका, नारळायचं गाठोडं सोडू नको माह्यं."

आता दोन्हीकडे पंचाण्णव. एक धाव पाहिजे.  सगळी जत्रा हद्दीवरून आत सरकली. चेंडू आला, ड्रायव्हर पुन्हा डोळे मिटून फिरला, आणि मधली दांडी उपटून मागे पडली.

कोणी जिंकलं नाही. मास्तरांना काय जाहीर करावं ते सुचेना. कचेरीवाले म्हणाले, आमी हारलो नाई. आमचे म्हणाले, आमी बी नाई. दोघं-चौघं एकमेकांच्या अंगावर जायला लागले. शेवटी चष्मेवाला म्हणाला, "परत खेळू. फैसला तं झालाच पाह्यजे."

सगळ्यांनी मॅनेजरकडे पाहिलं. तो आधी ड्रायव्हरकडे वळला. "रस्त्यात गाडी थांबवलीत. उद्या मेमो मिळेल. आता माणसं पोचवा."

"हो सायेब." त्याने पॅड सोडला आणि गाडीकडे निघाला.

मग मॅनेजर माझ्या नवऱ्याला म्हणाला, "अकरा झाले. मी मोजले. पुढची तारीख धरायच्या आधी कॅलेंडर बघत जा."

पुढची तारीख. मला जे ऐकायचं होतं ते मी ऐकलं. किटली उचलली, चहा गार झाला होता, तो ओतून दिला.

खिळे उपटून बारदान गुंडाळायला अंधार पडेपर्यंत वेळ गेला. टीममधल्या दोघा पोरांनी नवऱ्याला म्हटलं, "चाला ना कॅप्टन, जराशी घेऊ." मी तिथेच होते, पण तोंड उघडलं नाही. बघायचंच होतं मला.

तो म्हणाला, "उद्यापासून सकाळी सहाले बी सराव हाय. त्या ड्रायव्हरले डोये उघडे ठेवून मारायले शिकवा लागते." आणि बारदानाचं एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं स्वतः खांद्यावर घेतलं. घरी जाईपर्यंत तो फक्त त्या शेवटच्या चेंडूबद्दल बोलत होता, आणि मीही.