पाण्याखालचा नंबर

डुबकीमामांना विहिरीच्या तळाशी पडलेली टाचणी दिसायची आणि हातातल्या लग्नपत्रिकेवरचं नवरीचं नाव दिसायचं नाही. यातली पहिली गोष्ट ते स्वतः सांगत, दुसरी त्यांच्या माघारी सगळे सांगत. पत्रिका आली की मामा ती हात लांब करून धरत, मग आणखी लांब, मग अंगणात उजेडाला नेत आणि शेवटी मामींच्या हातात देऊन म्हणत, "शाई वाचवून राह्यले लेकाचे. पाह्य किती बारीक छापते आजकाल."

शाईच्या मुद्द्यावर मी मामांच्या बाजूने आहे. औषधाच्या पाकिटावरची मुदत ज्याला वाचायची गरज, नेमकं त्यालाच वाचता येऊ नये अशा अक्षरात छापतात. याला निर्लज्जपणा हाच शब्द आहे. पण मामांचा प्रश्न शाईचा नव्हता, आणि हे त्यांना सोडून आम्हा सर्वांना माहीत होतं. आता ते लेकाकडे पुण्याला राहतात, म्हणून मोकळेपणाने लिहिते.

नात्याने ते माझे कोणी नव्हेत. दर्यापूरच्या बाहेर आमच्या शेताला लागून त्यांचा भाजीचा आणि झेंडूचा मळा होता. मळा मामी बघायच्या. मामा लोकांच्या विहिरींत उतरायचे. गाळात रुतलेली मोटार, पंपाच्या पाइपाला खाली बसवलेली तुंबलेली जाळी, दोरीवरून सुटलेली बादली, कठड्यावर बसून फोटो काढताना पडलेले मोबाइल, सगळं त्यांनी वर आणलं. एकदा एका व्याहीबुवांची कवळी काढली. ती बादलीत खळखळून धुतली, दोन्ही हातांनी विड्यासारखी पुढे केली आणि म्हणाले, "घ्या व्याही. आता बोला, काय बोलत होते ते."

मला पोहायला त्यांनीच शिकवलं. पाठीला रिकामा डबा बांधला आणि दिलं ढकलून. आमच्या गल्लीतले एक काकाजी काठावर येऊन म्हणाले, "पोरीच्या जातीले काहून शिकवून राह्यले, मामा?" मामांनी वर बघितलंही नाही. "पानी काय इचारते का काकाजी, पोरगा पडला का पोरगी म्हनून?" पुढे मी चळवळीत पडले आणि विहिरींना कठडे बांधा म्हणून आम्ही पत्रकं काढली, तेव्हा हे वाक्य मी त्यांना न विचारता छापलं. मामांनी पत्रक हात लांब करून धरलं, डोळे बारीक केले आणि म्हणाले, "इतकं बारीक छापलं त बुडनारा वाचीन कवा?" तेव्हापासून आमची अक्षरं मोठी आणि मजकूर कमी आहे. चळवळीतल्या बऱ्याच जणांना हे अजून जमलेलं नाही.

डोळ्यांचं बिंग एका लग्नघरी फुटलं. नव्या सुनेची काळ्या मण्यांची पोत विहिरीत पडली होती. मामा उतरले. बराच वेळ खाली राहिले आणि मूठ उंच धरून वर आले. बायाबापड्या गोळा झाल्या. मूठ उघडली तर सायकलची चेन. मग घरातली म्हातारी पुढे झाली, चेन उलटसुलट करून म्हणाली, "बाप्पा, हे त आमच्या बुढ्याच्या सायकलची हाये. कवाची हारपली होती." मामा जागच्या जागी सावरले. "मंग? पहिले जुनं काढा लागते." पोत त्यांनी पुन्हा उतरून, नुसत्या हाताने चाचपून काढली. घरी जाताना मामी म्हणाल्या, "डोये गेले तुमचे."

"डोये नाई गेले. पानी गढूळ होतं."

"घरातबी गढूळ हाये का? काल वांग्यात साखर टाकली तुमी."

एवढ्यावर निभावलं असतं. पण दरवर्षी विसर्जनाला नदीवर आमचं पोहणाऱ्यांचं पथक असतं आणि त्याआधी एका खोल विहिरीत प्रत्येकाची परीक्षा होते. तळाशी विटेला बारीक नायलॉन दोरीने लोखंडी कडं बांधून ठेवायचं. एका दमात खाली जायचं, गाठ सोडायची, कडं घेऊन वर यायचं. मूर्तीच्या दोऱ्यांत माणूस अडकला तर ती गाठ डोळ्यांनी दिसली पाहिजे, म्हणून ही परीक्षा. त्या वर्षी मामांना गाठ दिसली नाही. ते अख्खी वीट घेऊन वर आले.

पथकाचे प्रमुख शाळेत पीटी शिकवतात. ते फार गोड आवाजात म्हणाले, "मामा, यंदा तुम्ही पाण्यात राहा, पण काठाजवळ. पुढच्या वर्षीपासून मात्र माइक सांभाळा. काठावर अनुभवी आवाज पाहिजे." माणसाला बाजूला काढायचं असलं की त्याच्या अनुभवाचं कौतुक सुरू होतं, हे मी बऱ्याच ठिकाणी पाहिलं आहे. मामी म्हणाल्या, "माइकवर त चिठ्ठ्या वाचा लागते. कोनाचंबी नाव कोनालेबी लावतीन हे."

मामा त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी मळ्यात मला म्हणाले, "पोरी, मले काठावर बसू देऊ नको. काठावरून पानी पाह्यलं का जीव टांगनीले लागते." मामांनी माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट. मी म्हटलं, "मग नंबर काढू. पाण्यातला चष्मा करू." ते म्हणाले, "चस्मा म्हनू नको. काच म्हन."

पोहण्याचा साधा गॉगल त्यांनी आधीच वापरून पाहिला होता. उथळ पाण्यात ठीक, पण खोल गेलं की तो गोचिडासारखा डोळ्यांना चिकटतो. वर आले तेव्हा डोळे असे लाल, की मामींना दुसराच संशय आला. नाकासकट झाकणारा मास्क हवा, म्हणजे नाकातून थोडी हवा आत सोडून तो दाब मोडता येतो. अमरावतीच्या एका मोठ्या चष्म्याच्या दुकानात आम्ही विचारलं, अशा मास्कला नंबरची काच लावून मिळेल का. काउंटरवरचा मुलगा हसला. "काकांना पाण्यात पेपर वाचायचा आहे का?"

माझ्या तोंडात उत्तर तयार होतं, पण मामा आधी बोलले. "पेपर नाई, बाबू. तू पडला त तुया शर्टाची कॉलर कुठी हाये, ते पाहाचं हाये."

मग मोबाइलवर शोधाशोध केली. नंबरचे मास्क मिळतात, पण जवळपास सगळे लांबचं न दिसणाऱ्यांसाठी. जवळचं दिसत नाही, म्हणजे चाळिशी लागली, त्यांच्यासाठी जवळजवळ काहीच नाही. वय झालं की माणसाने पाण्याबाहेर निघावं, असं या कंपन्यांनी परस्पर ठरवून टाकलं आहे. त्यांना कोणी विचारलं होतं? शेवटी एक मास्क सापडला, संपूर्ण काचच चाळिशीची असलेला. नंबर कुठला मागवायचा ते मामांनी स्वतः ठरवलं, आणि आपल्याकडे सगळे ठरवतात तसंच ठरवलं. आठवडी बाजारात चष्म्यांच्या गाडीवर उभं राहून, गाडीवाल्याच्या कळकट पेपरच्या तुकड्यावर एकेक चष्मा लावून बघितला आणि ज्यात अक्षर सगळ्यात मोठं दिसलं तो नंबर पक्का केला. "मोठं दिसते म्हंजे चांगलं दिसते," असा हिशेब. भेंडी घ्यायला गेले असते तर सगळ्यात मोठी भेंडी घेतली नसती, पण डोळ्यांच्या बाबतीत आपण जून मालाला भुलतो.

मास्क आला. मामा तो लावून मळ्यातल्या विहिरीकडे निघाले. वाटेत बांधावर कोणीतरी उभं दिसलं म्हणून त्यांनी अदबीने रामराम घातला. ती म्हैस होती. पायऱ्या चुकत, भिंत धरत ते पाण्यात गेले आणि जसे गेले तसे वर आले. कपारीतला खेकडा त्यांना नाकासमोर परातीएवढा दिसला होता. काठावर बसून धापा टाकत म्हणाले, "पोरी, त्याचे डोये काडीवर बसवेल हाये वं. जलमभर त्यायच्यात राह्यलो, कोनी सांगतलं नाई. त्याले पत्रिका लांब धरा लागत नाई. डोयेच मांगं घेते लेकाचा."

हे ते चिडून नाही, हेव्याने बोलले. त्या दिवशी मला वाटलं, आता हे दवाखान्यात यायला तयार होतील. झाले.

अकोल्याला डोळे तपासणाऱ्या एक मॅडम होत्या, माझ्याहून थोड्या मोठ्या. बाहेर रांगेत मामा दाराला कान लावून बसले आणि आत गेलेले पेशंट काय वाचतात ते पाठ करत राहिले. त्यांची पाळी आली तेव्हा त्यांनी समोरचा तक्ता श्लोकासारखा धडाधडा म्हटला. मॅडम म्हणाल्या, "छान. आता हा दुसरा, मी बदललाय." मामांनी दाराकडे पाहिलं. आणि गंमत म्हणजे दुसरा तक्ताही त्यांनी नीट वाचला, कारण लांबचं त्यांना खरोखरच दिसत होतं. एवढी पाठांतराची मेहनत उगाच गेली. मग जवळचा कागद हातात दिला. मामांनी तो लांब धरला आणि म्हणाले, "मॅडम, हे भाषा मले येत नाई."

"मराठी आहे, मामा."

"मंग पुन्याची असन."

मॅडम पोटभर हसल्या, पण टिंगल केली नाही. त्यांनी एकच प्रश्न विचारला, जो अमरावतीच्या दुकानात कोणाला सुचला नव्हता. "तुम्ही काम करता तेव्हा हात डोळ्यांपासून किती लांब असतो?" मामांनी गाठ सोडायची तशी मूठ धरून दाखवली आणि त्यांनी टेपने अंतर मोजलं. मास्क साधाच घ्या, म्हणाल्या. पाण्यात वस्तू आधीच थोडी मोठी आणि जवळ दिसते, म्हणून फार जोरदार नंबर नको. काचेच्या खालच्या भागात आतून बेताच्या नंबरचे दोन छोटे तुकडे चिकटवून देते. समोर बघाल तर विहीर दिसेल, खाली बघाल तर हात. "बाहेरून समजन का?" मामांनी विचारलं. "नाही समजणार." "मंग लावा."

मास्क मिळाला, नंबर बरोबर निघाला आणि पाणी आत शिरायला लागलं. मामांची मिशी आडवी येत होती. भरघोस, दोन्ही टोकांना वळलेली मिशी. तिच्यावरून मास्कचं रबर ओठाला बसेना. व्हॅसलीन लावून झालं, एरंडेल लावून झालं. मामी म्हणाल्या, "काढून टाका. लग्न झाल्यापासून तुमचा वरचा ओठ मी पाह्यला नाई. हाये का नाई तेबी मालूम नाई." मामा उठून गेले.

पुढच्या वर्षीच्या परीक्षेच्या दिवशी विहिरीवर एक अनोळखी म्हातारा येऊन उभा राहिला. प्रमुखांनी विचारलं, "काका, कोणाकडे आलात?" म्हातारा म्हणाला, "तुमच्याकडेच. वीट टाका." आवाज ऐकून सगळे थबकले. मिशीच्या जागी पांढरीफटक पट्टी होती, पावसाळ्यातल्या आळंब्यासारखी. कोणीतरी हसलं, मी त्याच्याकडे बघितलं, तो थांबला.

मामा खाली गेले. बुडबुडे घाईने आले नाहीत. वर आले तेव्हा एका हातात कडं होतं आणि दुसऱ्यात दोरी, नीट गुंडाळलेली. प्रमुखांनी टाळ्या वाजवल्या. मामा माझ्याजवळ येऊन बसले, मास्क काढला आणि हळूच म्हणाले, "खाली दोन हात दिसले वं. बुढ्या मानसाचे. शिरा वर आलेल्या. मी म्हनलं, हे कोन बुडलं? मंग पाह्यलं त मायेच."

मी त्यांच्या हातातला मास्क घेतला आणि ओढणीने पुसत बसले.

ते विसर्जन मामांनी पाण्यात काढलं, अगदी मधोमध, नावेच्या पुढे. त्याच्या पुढल्या वर्षी पेरण्या झाल्या आणि त्यांची मिशी पुन्हा वाढू लागली. मला तेव्हाच समजायला हवं होतं. परीक्षेला ते आले, पण कपडे काढले नाहीत. प्रमुख काही म्हणायच्या आत म्हणाले, "मले कोनी बसवून नाई राह्यलं, सर. मीच बसून राह्यलो. माया जाग्यावर हे पोरगी उतरन."

विसर्जनाच्या दिवशी मामा मांडवात माइकसमोर बसले. चिठ्ठ्या येऊ लागल्या, हरवलेल्यांची नावं, मंडळांची नावं. चष्मा मामांकडे नव्हता आणि चष्मा घालायचा नाही हा त्यांचा निश्चय अजून शाबूत होता. म्हणून त्यांनी पाण्यातला मास्क काढला, कोरड्या मांडवात भर गर्दीसमोर तोंडावर चढवला आणि खालच्या तुकड्यांतून एकेक चिठ्ठी घडाघडा वाचायला सुरुवात केली. एकाही नावाची चूक नाही. फक्त नाक आत बंद, त्यामुळे सगळी मंडळं, सगळे पदाधिकारी आणि खुद्द गणपती बाप्पासुद्धा संपूर्ण नदीकाठी नाकातून पुकारले जात होते. आमदारांचं नावही तसंच पुकारलं गेलं, म्हणून त्यांची माणसं रागावली. लहान मुलं मांडवाभोवती जमली.

मी पाण्यात होते. एका मूर्तीची दोरी नावेच्या वल्ह्यात अडकली होती, ती सोडवायला खाली गेले आणि गाठ घट्ट निघाली म्हणून थोडी जास्त राहिले. वर आले, कानांतलं पाणी झटकलं, तेव्हा मंडळांची नावं थांबली होती. सगळा काठ माझ्याकडे बघत होता आणि कर्ण्यातून नाकातला आवाज येत होता, "पोरी, लई वेळ लावला. काठावर लोकायचा जीव जाते. आता बस झालं, दम घे, मंग पुढची मूर्ती धर."