समुद्राकाठी भरलेली नलूची ओटी

विशाखापट्टणमला जाऊन आम्ही एकही पॉइंट बघितला नाही.

ज्यांनी ज्यांनी याच वॉलवर मला आयडिया दिल्या होत्या, त्यांना हे सांगायचं राहूनच गेलं.
नलूला, माझ्या बायकोला, जाऊन आज वर्ष झालं. म्हणून आज सांगतो.

मी इथं विचारलं होतं, आठवत असेल. पन्नाशीचं जोडपं आहे, पहिल्यांदाच समुद्र बघणार आहे, काय काय बघावं?
तुम्ही कमेंट्सचा पाऊस पाडला. ऋषिकोंड्याला सूर्योदय बघा. पाणबुडीचं संग्रहालय चुकवू नका. रोपवेने डोंगरावर जा. अरकूच्या डोंगरात रेल्वेच्या काचेच्या डब्यातून जा.
एकाने तर लिहिलं, म्हाताऱ्यांसारखे नुसते बसून राहू नका!

मी बँकेतला माणूस. सकाळी हे, दुपारी ते, सगळं बसवून टाकलं. दोन केमोंच्या मधे डॉक्टरांनी थोडी सूट दिली होती, तेवढ्यात सारं शहर कोंबायचं होतं.

अकोल्याहून गाडीत बसलो तर हिच्या पिशवीत खण, नारळ, हळदीकुंकू आणि गव्हाची पुडी.

"हे कोनाले?"
"वर्धेले."

नलूचं माहेर कौंडण्यपूरजवळचं, वर्धेच्या काठावरचं. आईवडील कधीचे गेले. एकुलता भाऊही गेला, घराला कुलूप लागलं. माहेर म्हणून तिला आता ती नदीच उरली होती.

"आपली वर्धा समुद्रातच जाते नं?"
"जाते. पन गोदावरीत मिसळून. अन् ते बी या शहरापासून लय खाली."
"सासर म्हनजे काय एक खोली असते काय? सारं घरच तिचं. आपल्या गावच्या पोरीच्या सासरी रिकाम्या हातानं जाऊ काय मी?"

मी पिशवी उचलून नीट वर ठेवली.

मग खिडकीबाहेर बघत ती हळूच म्हणाली, "दादा बी नाई आता. मी गेल्यावर माही ओटी कोन भरन?"

आमच्याकडे सवाष्ण बाई गेली की माहेरचे लोक साडी घेऊन येतात. शेवटची ओटी तेच भरतात. तिला मरणाची भीती नव्हती. या एका गोष्टीची होती.

मी चिडलो. "काहून असं बोलून राह्यली? बरी होऊन राह्यली नं तू?"
"हो," म्हणाली, आणि माझ्या हातावर चिवडा ठेवला.

पहिल्याच सकाळी आम्ही किनाऱ्यावर गेलो. पाणबुडी तिथंच होती, काठावर. तिकिटाला रांगही नव्हती.

नलू घोटाभर पाण्यात उभी राहिली ती राहिलीच.
एवढं पाणी, आणि पलीकडचा काठच नाही. ती बघत होती. मी तिच्याकडे बघत होतो.

बऱ्याच वेळानं तिला शंका आली.
"अहो, समुद्र तर बाप्या मानूस. त्याची ओटी कशी भरू?"
"त्याची नको भरू. त्याच्या घरात नांदते, तिची भर."

तिने खण सोडला, गहू सोडले, नारळ सोडला.
लाट आली आणि नारळ तिच्या पायाशी ठेवून गेली. तिने पुन्हा सोडला. पुन्हा परत आला.

नलूचा चेहरा पडला. "वर्धा माह्या हातचं घेत नाई हो."

शेजारी एक मासेवाली टोपली घेऊन बसली होती. केव्हाची आमची गंमत बघत होती. ती उठून आली. तेलुगूत पुष्कळ काही बोलली, आम्हाला एक अक्षर कळलं नाही. तिने नारळ उचलला. नलूच्याच पुडीतलं कुंकू नलूला लावलं, तिचा पदर पसरला आणि नारळ त्यात घातला.
मग एवढ्यावर कसं पाठवायचं असं वाटलं असावं. टोपलीतली एक चमकदार मासोळी काढून तीही पदरात घातली.

आम्ही माळकरी. आमच्या घरात अंडंसुद्धा कधी आलेलं नाही.

"अवं, मासोळी हाये ते!"
"असू द्या," नलू पदर धरून म्हणाली. "ओटीतलं परत करत नाईत."

तो अख्खा दिवस आम्ही वाळूत बसून काढला. ती पदरात मासोळी घेऊन, मी तिच्या चपला घेऊन.
लांबवर जहाजं होती. हलताना दिसायची नाहीत, पण थोड्या वेळानं बघावं तर भलतीकडेच. ऊन कधी उतरलं कळलं नाही. नलूचे डोळे अर्धे मिटलेले. मला वाटत होतं, केमो, रिपोर्ट, अकोला, सगळं दुसऱ्याच कोणाचं आहे.

"भरली माही ओटी," ती म्हणाली. कुकर झाला म्हणावं तशा आवाजात. "आता कोनी नाई आलं तरी चालते."

संध्याकाळी तिने मासोळी लॉजच्या मांजरीपुढे ठेवली.
"खाय माय, माह्या माहेरचं हाये."

पुढचे दिवसही तीच वाळू, तीच जागा. मी दोनदा रोपवेचं नाव काढून बघितलं. "तुमी जाऊन या नं," म्हणाली. तिला सोडून मी कुठं जाणार होतो!
माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात सुखाचे दिवस. खरंच सांगतो.

मग गेल्या वर्षी ती गेली.

अंगणात बायका जमल्या. तिला हिरवी साडी नेसवली, मळवट भरला. आणि सगळ्या थांबल्या. शेजारच्या काकूंनी दबक्या आवाजात विचारलं, "माहेरचं कोनी येऊन राह्यलं काय?"

कोणी येणार नव्हतं. "राहू द्या, चालते," असं मी म्हणायला हवं होतं. तिनेच सांगितलं होतं तसं.
तिला चाललं असतं. मला चालेना.

मी आत गेलो, देवाजवळचा नारळ घेतला, डब्यातले गहू ओंजळीत घेतले आणि बाहेर आलो.

काकू म्हणाल्या, "भाऊ, नवरा नाई भरत. माहेरच्यायनं भरा लागते."

मी म्हणालो, "मंग आज मी तिच्या माहेरचा."

काकूंनीच सरकून मला जागा दिली, तिचा पदर धरला.

सुखानं राह्य, नलू.